सूचीकडून सहसंपादनाकडे : ग्रंथालय, अध्यापन आणि सहभागी आंतरजाल

१

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांपैकी शेवटचा नियम ग्रंथालयाला वर्धिष्णू, सजीव संस्था मानणारा आहे. या नियमाचा अर्थ आपल्याकडे बहुधा ग्रंथांच्या संख्येपुरता घेतला गेला : पुस्तके वाढतात, कपाटे वाढतात, म्हणून इमारतीही वाढवाव्या लागतात. वाचकाच्या भूमिकेत मात्र फारसा पालट झाला नाही. ग्रंथपालाने सूची करावयाची आणि वाचकाने ती पाहावयाची, प्राध्यापकाने पाठ सांगावयाचा आणि विद्यार्थ्याने तो उतरून घ्यावयाचा, अशी ही एकमार्गी व्यवस्था दीर्घकाळ टिकली.

गेल्या तीन दशकांत संगणकाच्या आंतरजालावर जी साधने निर्माण झाली, त्यांनी या व्यवस्थेसमोर एक प्रश्न उभा केला आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली ‘विकी’ या नावाची एक रचना सिद्ध केली. हवाई बेटांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘जलद’ असा आहे. वाचणाऱ्याला तेच पान तेथल्या तेथे दुरुस्त करता यावे, ही तिची मूळ कल्पना. तिच्याच आधाराने जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला आणि मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी झाला. २००४ नंतर वाचकांच्या सहभागावर उभ्या असलेल्या आंतरजालास ‘वेब २.०’ म्हणण्याचा प्रघात पडला. त्याच्या अनुकरणाने मायकेल केसी यांनी २००५ च्या सुमारास ‘लायब्ररी २.०’ ही संज्ञा रूढ केली. संज्ञा आल्या तशा जुन्याही झाल्या. त्यांमागचा प्रश्न मात्र अद्याप शिल्लक आहे : वाचक जर लिहू लागला, तर ग्रंथालयाचे आणि अध्यापनाचे स्वरूप कोणते राहील?

प्रस्तुत लेखात हा प्रश्न भारतीय भाषांच्या, विशेषतः मराठीच्या, संदर्भात तपासावयाचा आहे. सहभागाची सर्वच साधने आपल्याला सारख्या उपयोगाची नाहीत. ज्यांतून केवळ संभाषण निर्माण होते त्यांपेक्षा ज्यांतून संहिता निर्माण होते, ती साधने भारतीय साहित्याच्या अभ्यासाला अधिक मोलाची आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

सामूहिक ज्ञानसंकलन ही मराठीला नवी गोष्ट नव्हे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले, ते भाषेविषयी आस्था असलेल्या नागरिकांच्या पुढाकाराने. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी भागधारकांची मर्यादित कंपनी काढली आणि १९२० ते १९२९ या काळात तेवीस खंड प्रसिद्ध केले. कोशाचा वाचकच कोशाचा भागधारक असावा, ही योजना त्या काळी धाडसाचीच होती.

याच्या नेमके उलट उदाहरण शंकर गणेश दाते यांचे आहे. १८०० ते १९३७ या कालखंडात छापल्या गेलेल्या मराठी ग्रंथांची आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांची सूची त्यांनी प्रामुख्याने एकहाती सिद्ध केली. मराठीतील कोणताही गंभीर संशोधक आजही त्या सूचीपासूनच आरंभ करतो. त्यांच्या नावाने चाललेल्या सूचिमंडळाने पुढे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातर्फे वाङ्मयीन नियतकालिकांची सूची केली. म्हणजे एका व्यक्तीचा ध्यास मंडळाकडे आला आणि मंडळाने तो संस्थेच्या आश्रयाने पुढे नेला. आंतरजालावरील सहकार्य हा याच क्रमातला पुढचा टप्पा मानता येईल.

मराठी विश्वकोशाचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथून त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. पुढे विश्वकोश आंतरजालावर आला, परंतु छापील खंडांतील नोंदी कालमानाने जुन्या होत जाणार, हा प्रश्न होताच. तो सोडविण्यासाठी विश्वकोश मंडळाने निरनिराळ्या विद्यापीठांत आणि संस्थांत विषयवार ‘ज्ञानमंडळे’ स्थापन केली. त्यांच्यामार्फत नोंदींचे अद्ययावतीकरण होऊन त्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. विकिपीडियात कोणीही लिहितो व परीक्षण नंतर होते. ज्ञानमंडळात तज्ज्ञ लिहितात व परीक्षण आधी होते. या दोन पद्धतींत एक खरी आणि दुसरी खोटी असे नाही. कोशनिर्मितीतील अधिकाराचा प्रश्न दोघींनी निराळ्या रीतीने सोडविला आहे, इतकेच. विद्यार्थ्याला हा भेद समजावून देणे हेच संदर्भसाधनांच्या अध्यापनातले पहिले पाऊल होय.

३

ग्रंथालयांत ज्या साधनाची प्रथम चर्चा झाली, ते म्हणजे वाचकांनी ग्रंथास दिलेली विषयनामे. या लोकवर्गीकरणास थॉमस वँडर वॉल यांनी २००४ साली ‘फोक्सॉनॉमी’ असे नाव दिले. २००५ साली सुरू झालेल्या ‘लायब्ररीथिंग’ या संकेतस्थळावर वाचक आपल्या संग्रहातील पुस्तकांना अशी नावे देऊ लागले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये आपल्या संग्रहातील काही हजार छायाचित्रे ‘फ्लिकर’ या स्थळावर ठेवली आणि ती ओळखण्यास लोकांना आवाहन केले. लोकांनी व्यक्ती, स्थळे व प्रसंग ओळखून दिले आणि तपासून पाहिल्यावर त्यांतील पुष्कळ माहिती ग्रंथालयाने आपल्या नोंदींत समाविष्ट केली.

मराठीत या पद्धतीची गरज कोठे आहे, हे ड्युई दशांश वर्गीकरणाकडे पाहिले म्हणजे कळते. ८९१.४६ या एका अंकाच्या पोटात संपूर्ण मराठी साहित्य बसविलेले आहे. त्याखाली काव्य, नाटक, कादंबरी असे उपविभाग पडतात, परंतु बखर, लावणी, पोवाडा, आज्ञापत्र, दलित आत्मकथन यांचे परस्परसंबंध या अंकांतून व्यक्त होत नाहीत. एखादे आत्मकथन ‘चरित्र’ या विभागात जाते आणि त्याच लेखकाच्या कविता दुसऱ्या मजल्यावर राहतात. वाचकाने दिलेले विषयनाम ही फूट सांधू शकते.

तथापि लोकवर्गीकरणाला शिस्त नसते. एक वाचक ‘केशवसुत’ लिहील, दुसरा ‘कृष्णाजी केशव दामले’. कोणी ‘कुसुमाग्रज’ लिहील, तर कोणी ‘वि. वा. शिरवाडकर’. मराठीत टोपणनावांची परंपरा इतकी समृद्ध आहे की प्रमाणित नामसूचीवाचून अशी सारी नावे एकमेकांपासून तुटून पडतात. तेव्हा वाचकाने सुचवावे आणि ग्रंथपालाने प्रमाण नावाशी जोडावे, अशी श्रमविभागणी येथे आवश्यक ठरते. वाचक लिहिता झाल्याने ग्रंथपालाचे काम कमी होत नाही, ते केवळ बदलते.

४

अध्यापनात या साधनांचा मोठ्या प्रमाणावर केलेला पहिला भारतीय प्रयोग महाराष्ट्रातच झाला आणि तो फसला. त्याचा विचार टाळून पुढे जाता येणार नाही. विकिमीडिया फाउंडेशनने २०११ साली पुण्यात एक शिक्षणप्रकल्प सुरू केला. अभियांत्रिकी महाविद्यालय, सिंबायोसिसची अर्थशास्त्र शाखा अशा संस्थांतील शेकडो विद्यार्थ्यांनी आपापल्या विषयांवर इंग्रजी विकिपीडियात लेख लिहावेत, अशी योजना होती. मदतीस प्रत्येक ठिकाणी स्वयंसेवक नेमले होते. काही आठवड्यांतच असे दिसून आले की पुष्कळ विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतील आणि अन्य संकेतस्थळांवरील मजकूर जसाच्या तसा उतरविला होता. हा मजकूर शोधून काढण्याचे काम जगभरच्या संपादकांवर येऊन पडले. अखेर नोव्हेंबर २०११ मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला.

या अपयशाचे खापर विद्यार्थ्यांवर फोडणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. आपल्या परीक्षापद्धतीत ग्रंथातील वाक्य जसेच्या तसे लिहिणे हा दोष नसून गुण मानला जातो. त्याच विद्यार्थ्यास एकाएकी सार्वजनिक कोशात, परभाषेत, स्वतःच्या शब्दांत लिहावयास सांगितले, तर तो जे शिकला आहे तेच करणार. शिवाय मदतीस नेमलेले स्वयंसेवक स्वतःच नवखे होते आणि विद्यार्थ्यांची संख्या त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. थोडक्यात, जे साधन लेखन करवून घेते, त्याच्यापूर्वी लेखन शिकविणारा शिक्षक हवा. साधन शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही.

या अनुभवातून आणखी एक निष्कर्ष निघतो. विद्यार्थ्याच्या हातून आरंभी स्वतंत्र रचना न मागता संहितेची सेवा मागावी. जुन्या ग्रंथाचे मुद्रितशोधन हे असे काम आहे की त्यात उतरवून घेणे हाच धर्म आहे आणि तरीही त्यात बुद्धीची कसोटी लागते.

५

हे काम ‘विकिस्रोत’ या मुक्त ग्रंथसंग्रहात होते. मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेल्या ग्रंथांची पाने छायाचित्ररूपाने ठेवलेली असतात. पडद्याच्या एका बाजूस मूळ पान व दुसऱ्या बाजूस यंत्राने ओळखलेला मजकूर दिसतो. वाचक दोन्ही ताडून चुका दुरुस्त करतो. न तपासलेले पान तांबड्या खुणेने, एकदा तपासलेले पिवळ्या खुणेने व दुसऱ्या व्यक्तीने प्रमाणित केलेले हिरव्या खुणेने दर्शविले जाते. एकाच व्यक्तीस दोन्ही टप्पे पार पाडता येत नाहीत. पाठचिकित्सेत दुसऱ्या डोळ्याचे जे महत्त्व आहे, तेच येथे यंत्ररचनेत बांधून टाकले आहे.

मराठी ग्रंथांच्या बाबतीत हे काम वाटते तितके यांत्रिक नाही, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण अनुस्वाराचे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली केलेल्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘नांव’ म्हणजे अभिधान आणि ‘नाव’ म्हणजे होडी हा भेद अक्षरांतच दिसत असे. ‘फूल पाहिलें’ यातील अनुस्वार नपुंसकलिंगाची खूण होता. विद्यार्थी आजच्या सवयीने हे अनुस्वार गाळू पाहतो. ते का राखावयाचे, हे सांगताना मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाचा एक पाठ आपोआप होऊन जातो. उलटपक्षी, ‘कांहीं’ असे छापलेले असताना ‘काही’ असा शोध घेणाऱ्या वाचकास तो ग्रंथ सापडणार नाही. म्हणून मूळ संहिता अबाधित ठेवून शोधासाठी आधुनिक रूपांची जोड देणे, हा ग्रंथपाल व भाषाभ्यासक यांनी मिळून सोडवावयाचा प्रश्न आहे.

दुसरे उदाहरण अर्ध्या रकाराचे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोल भाग. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला भेद मराठी माणसास सांगावयास नको. अन्य भाषांचा नागरी मजकूर वाचण्यास सरावलेले यंत्र ही दोन चिन्हे एकच समजते. भरीस भर म्हणजे संगणकात हा अर्धा रकार दोन निरनिराळ्या संकेतांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही एकसारखे दिसतात, यंत्राला मात्र ते भिन्न शब्द वाटतात. अलीकडील अक्षर-अभिज्ञान यंत्रे तर भाषेच्या ज्ञानाने ‘सुधारणा’ही करतात. जुने, अपरिचित रूप दिसले की ते आजच्या परिचित रूपात पालटून देतात. अशी चूक डोळ्यांस खुपत नाही, आणि म्हणूनच ती अधिक घातक होय. मूळ पानाशी ताडून पाहणारा मनुष्य नसेल, तर एकोणिसाव्या शतकाची मराठी नकळत एकविसाव्या शतकाची होऊन बसेल व पुढचे संशोधक त्या संहितेवर निष्कर्ष उभारतील.

स्वामित्वहक्काचा नियमही येथेच शिकविता येतो. १९५७ च्या कायद्यातील मुदत १९९२ साली वाढविण्यात आली. तेव्हापासून लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन त्याच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षांनी मुक्त होते. केतकरांचे निधन १९३७ चे, म्हणून त्यांचे असे लेखन या मुदतवाढीपूर्वीच, १ जानेवारी १९८८ पासून, मुक्त आहे. साने गुरुजींचे निधन १९५० चे, म्हणून त्यांचे २०११ पासून. मर्ढेकर १९५६ साली निवर्तले, म्हणून त्यांचे २०१७ पासून. आचार्य अत्रे यांच्या लेखनासाठी मात्र १ जानेवारी २०३० ची वाट पाहावी लागेल. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजतात. तसेच अलीकडच्या आवृत्तीस जोडलेली प्रस्तावना व टीपा यांवर त्या संपादकाचा हक्क वेगळा असतो. जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ (१८७३) किंवा ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) मुक्त आहे, याचा अर्थ त्यांची प्रत्येक उपलब्ध आवृत्ती मुक्त आहे असा नव्हे. पुण्याच्या प्रयोगात जो विवेक शिकवावयाचा राहून गेला, तो असा प्रत्यक्ष कामातून अंगी बाणतो.

६

तुलनात्मक साहित्याच्या वर्गात या साधनाची व्याप्ती आणखी वाढते. जयपूरचेच उदाहरण घेऊ. येथील राजघराण्याच्या पोथीखान्याचा परिचय गोपाळ नारायण बहुरा यांनी १९७६ साली ग्रंथरूपाने करून दिला आणि कपडद्वारातील ऐतिहासिक कागदपत्रांची सूची बहुरा व चंद्रमणी सिंह यांनी १९८८ साली प्रसिद्ध केली. जयपूर दरबाराचे पुष्कळ दप्तर बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारात आहे. जुलै १७८७ मध्ये तुंगा येथे महादजी शिंदे यांची फौज व जयपूर-जोधपूरच्या संयुक्त फौजा यांची लढाई झाली. मराठी इतिहासकार तिला लालसोटची लढाई म्हणतात. तिच्याविषयीचे मराठी वृत्त मोडी पत्रांत आहे, जयपूरची बाजू राजस्थानी व फारसी कागदांत आहे. दोन्ही बाजू वाचू शकणारा अभ्यासक विरळा.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सामान्यतः दाखवीत नाहीत आणि शब्द तोडून लिहीत नाहीत. त्यामुळे प्रत्येक लिप्यंतर हा एक अन्वयार्थच असतो. मोडी लिपीस २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, त्यामुळे मूळ लिपीतील संहिता व तिचे नागरी लिप्यंतर शेजारी शेजारी ठेवणे आता शक्य झाले आहे. मराठी जाणणाऱ्याने लिप्यंतर द्यावे, राजस्थानी जाणणाऱ्याने स्थलनामे व पदव्या स्पष्ट कराव्यात, फारसी जाणणाऱ्याने तारखा व संज्ञा तपासाव्यात, आणि ह्या तिघांचा वाद पानाच्या चर्चाविभागात नोंदलेला राहावा. अशा पानास चर्चासत्राचे स्वरूप येते आणि ते पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांसही उपलब्ध राहते.

वर्गातील योजना साधी असावी. प्रत्येकास एका ग्रंथाची आठ-दहा पाने द्यावीत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तपासलेले पान दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने प्रमाणित करावे. ग्रंथालयाने पानांच्या प्रतिमा, आवृत्तीचा तपशील व हक्काविषयीची खात्री पुरवावी. मूल्यमापनासाठी पानाचा इतिहास पाहावा. कोणी, केव्हा, कोणते अक्षर बदलले हे त्यात नोंदलेले असते. गुण पानांच्या संख्येवर न देता, विद्यार्थ्याने घेतलेल्या निर्णयांच्या समर्थनावर द्यावेत.

७

या पद्धतीवर काही आक्षेप संभवतात. पहिला टिकाऊपणाचा. ‘ऑर्कुट’ सप्टेंबर २०१४ मध्ये आणि ‘याहू ग्रुप्स’ डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले आणि तेथील भारतीय भाषांतील चर्चा सार्वजनिक स्मृतीतून नाहीशी झाली. खासगी कंपनीच्या ओसरीवर भरविलेली सभा कंपनीने दिवा मालवला की संपते. म्हणून विद्यार्थ्यांचे काम जेथून पूर्णपणे उतरवून घेता येते अशाच ठिकाणी करावे आणि त्याची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करावी. हातात ठेवलेली प्रत हीच शेवटी संग्रहाची हमी असते.

दुसरा आक्षेप समतेचा. पुष्कळ विद्यार्थ्यांजवळ केवळ भ्रमणध्वनी असतो व त्याच्या लहान पडद्यावर पान व संहिता एकत्र दिसत नाहीत. ग्रंथालयातील संगणककक्ष संध्याकाळी उघडा ठेवणे हे येथे कोणत्याही नव्या साधनाहून अधिक परिणामकारक ठरेल. तिसरा आक्षेप श्रेयाचा. विनावेतन श्रम घेऊन विद्यार्थ्याचे नाव पुसले जाऊ नये. टोपणनावाने काम करण्याची मुभा असावी, पण अध्यापकाजवळ नोंद असावी आणि प्रमाणित ग्रंथाच्या निवेदनात श्रेय दिले जावे.

चौथा आक्षेप विद्वत्तेच्या बाजूने येतो : बहुतांनी केलेल्या संहितेस चिकित्सक आवृत्तीची प्रतिष्ठा कशी द्यावी? ती देण्याचे कारण नाही. विकिस्रोतावरील संहिता एका विशिष्ट छापील आवृत्तीची विश्वासू प्रत असते. निरनिराळ्या प्रतींतील पाठभेदांचा निवाडा ती करीत नाही आणि तसा दावाही करीत नाही. परंतु चिकित्सक आवृत्ती करणाऱ्यास ज्या शोधसुलभ प्रती हव्या असतात, त्या मात्र येथून मिळतात.

८

दाते यांची सूची आपल्याला ग्रंथ कोणते झाले हे सांगते, ते वाचावयास मिळतील याची हमी ती देऊ शकत नाही. तिच्यात नोंदलेल्या अनेक पुस्तकांचा कागद आज हात लावताच तुटतो. जी पुस्तके छायाचित्ररूपाने वाचली, त्यांतीलही बहुसंख्य शोधयंत्राला मुकी आहेत. आज विद्यार्थी जे शोधयंत्रात सापडत नाही ते अस्तित्वातच नाही असे समजू लागला आहे आणि भाषेचे ज्ञान यंत्रांना देण्याचे कामही उपलब्ध संहितांवरूनच होते. अशा वेळी कोणती मराठी शुद्ध स्वरूपात उपलब्ध आहे, हा केवळ ग्रंथालयाचा अंतर्गत प्रश्न उरत नाही.

म्हणून सहभागी साधनांचा स्वीकार नावीन्याच्या आकर्षणाने करू नये, तसेच पुण्याच्या अपयशाचे कारण सांगून त्यांचा त्यागही करू नये. ग्रंथपालाची शिस्त, अध्यापकाची देखरेख आणि विद्यार्थ्याची दृष्टी ही तीन एकत्र आली, तर एका सत्रात एका वर्गाकडून एक दुर्मीळ ग्रंथ वाचनीय व शोधसुलभ होऊ शकतो. भारतीय भाषांच्या विभागांनी प्रत्येक वर्षी असा एकेक ग्रंथ हाती घ्यावा. मराठी विभागाने दाते यांच्या सूचीतूनच पहिला ग्रंथ निवडावा, हे औचित्याला धरून होईल.